एक जार बदलला त्या रात्रीबद्दल

प्रिय ताई,

तुमच्या निरोपाच्या दिवशी केक आणि फोटोंच्या गडबडीत आभार मानायचे राहूनच गेले. म्हणून आता लिहितोय.

आपल्या जावा प्रोग्रॅममधल्या बिलातल्या ओळीच्या क्लासमध्ये करदराचं फील्ड पब्लिक होतं, म्हणजे बाहेरचा कोडही ते थेट वाचू शकायचा. दर तारखेप्रमाणे बदलायला लागला म्हणून मी ते प्रायव्हेट केलं, गेटर (फील्डची किंमत देणारी छोटी मेथड) लिहिला, सर्व्हरवर माझा जार (कंपाइल झालेल्या क्लासची एकत्र फाइल) तेवढा बदलला आणि घरी गेलो. रात्री रिपोर्टचं मॉड्यूल आडवं झालं. लॉगमध्ये ‘इल्लीगल ॲक्सेस एरर’. "पण माझं कंपाइल झालं होतं हो!" हे मी फोनवर तीनदा तरी म्हणालो असेन.

तुम्ही ओरडला नाहीत. रिपोर्टच्या जुन्या जारमधल्या क्लासवर ‘जावा-पी’ (कंपाइल झालेला क्लास उलगडून दाखवणारं साधन) चालवायला लावलंत. सोर्समध्ये फील्ड वाचताना नुसतं एक टिंब दिसतं. कंपाइल झालेल्या क्लासमध्ये मात्र ‘गेटफील्ड’ ही सूचना फील्डच्या नावासकट कोरलेली होती. गेटरला तिथे ‘इन्व्होकव्हर्च्युअल’ ही मेथड बोलावणारी सूचना लागते. तो जार कुणी पुन्हा बिल्ड केलाच नव्हता, त्याला माझ्या गेटरचा पत्ता कुठून असणार? (फील्डचं नावही बदललं असतंस तर ‘नो सच फील्ड एरर’ आला असता, असं वर हसत सांगितलंत. तेव्हा मला हसू आलं नव्हतं.)

मग उपाय. फील्ड परत पब्लिक कर, त्यावर डेप्रिकेटेड (यापुढे वापरू नका) लिही, कन्स्ट्रक्टरमध्येच (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या कोडमध्ये) तारखेचा दर भर, गेटर शेजारी राहू दे. कीबोर्ड माझ्याच हातात ठेवलात, याचे आभार जास्त.

गेटरने कोड हळू होईल ही माझी जुनी भीतीही तेव्हाच गेली. साधा गेटर म्हणजे 5 बाइटचा बाइटकोड (कंपाइल झालेल्या सूचना); जावा चालवणारा हॉटस्पॉट सतत चालणाऱ्या कोडमध्ये 35 बाइटपर्यंतच्या मेथड सहसा इनलाइन करून टाकतो, म्हणजे त्यांचा कोड बोलावण्याच्या जागीच बसवतो. पण दुसऱ्या दिवशी मी उत्साहात जिथेतिथे गेटर पेरायला लागलो, तेव्हा आकृतीच्या पॅकेजमधल्या छोट्या क्लासपाशी तुम्हीच थांबवलंत. तो आपल्याच जारमध्ये वापरला जातो, सगळं एकदम बिल्ड होतं, तिथे उघडे एक्स-वाय चालतात म्हणालात. जावाच्या स्वतःच्या ‘पॉइंट’ क्लासमध्ये ते आजही पब्लिक आहेत, हे मला तोवर माहीत नव्हतं.

रिपोर्टचं मॉड्यूल मागच्या महिन्यात नव्याने बिल्ड झालं. जुनं फील्ड वापरणारं आता कुणी उरलेलं नाही, सगळे जार तपासले. काढून टाकू ना?

तुमचा,
रात्री फोन करणारा ज्युनिअर