भिंतीवरचे प्रत्येक मॉस फ्युनारिया नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की लळिंगच्या पायथ्यापासून तोरणमाळपर्यंत कातळ आणि जुन्या भिंती हिरव्या होतात. या हिरव्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो. कॉलेजच्या प्रॅक्टिकल जर्नलमध्ये त्याचेच फ्युनारिया (मॉसचा एक प्रकार) होते. दोन्ही चूक. शेवाळ वेगळे आणि मॉस, म्हणजे इवल्या पानांची बिनफुलांची वनस्पती, वेगळे. फ्युनारिया ओल्या मातीवर, विशेषतः जाळ झालेल्या जागी वाढते आणि त्याचे बोंड (बीजाणूंची डबी) तिरपे, नासपतीच्या आकाराचे असते. चुन्याच्या भिंतीवर असते ते बहुधा हायोफिला. वाळले की पानांच्या कडा आत वळतात, थेंबभर पाणी टाकले की पाने उघडतात. दहापट भिंगातून हे सहज दिसते.

‘हीच मॉस जगभर आहेत, मग खान्देशातून नमुने कशाला?’ हा प्रश्न त्याहून घातक आहे. बऱ्याच मॉसचे बीजाणू १० ते २० मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या पावपट; ते वाऱ्यावर समुद्र ओलांडतात. दक्षिण गोलार्धातल्या बेटांवरच्या मॉसचे साम्य अंतरापेक्षा वाऱ्याच्या वाटांशी जास्त जुळते, असे २००४ साली दाखवले गेले. पण एका नावाखाली दोन जातीही लपतात. ग्रिमिया लेव्हिगाटा हे उघड्या कातळावरचे, अनेक खंडांत आढळणारे मॉस. कॅलिफोर्नियातल्या नमुन्यांचा डीएनए तपासल्यावर २००६ मध्ये त्यात दोन जाती निघाल्या, बाहेरून ओळखू न येणाऱ्या. सातपुड्यातले मॉस दूरच्या मॉसचे सख्खे आहे की नुसते दिसायला सारखे, हे इथला नमुना हातात असल्याशिवाय कळणार कसे?

नमुना बिघडतो तो प्लास्टिकच्या पिशवीत. दोन दिवसांत बुरशी येते आणि डीएनएही खराब होतो. नाण्याएवढा पुंजका चाकूने खालच्या माती-चुन्याच्या पापुद्र्यासकट उचलावा, घडी घातलेल्या कागदाच्या पुडीत ठेवावा, सावलीत वाळवावा. दाबू नये, धुऊ नये. एका पुडीत एकच पुंजका. तरी त्यात दोन-तीन जाती मिसळलेल्या निघतात, म्हणून भिंगाखाली निवडावे लागते. पुडीवर पेन्सिलनेच लिहावे, शाई ओलीने पसरते: तारीख, गाव, अक्षांश-रेखांश, उंची आणि मॉस कशावर होते (काळा दगड, चुना, मातीचा बांध की झाडाची साल). हे शेवटचेच नेमके राहून जाते. बोंडे असलेला नमुना लाखमोलाचा, म्हणून गणपती ते दसरा या दिवसांत फिरावे. हिवाळी सहलीत मॉस मिळते, पण बोंडे बरीचशी गळलेली असतात.

ओळख पक्की करायला पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे.

यावल अभयारण्यात वनखात्याची लेखी परवानगी आधी घ्यावी. पाटणादेवीजवळची आणि बलसाण्याची जुनी देवळे संरक्षित आहेत, तिथे चाकू लावू नये. रस्त्याकडेच्या जुन्या मोऱ्यांच्या चुनेगच्चीवरही मॉस भरपूर असते.

आपले,
वनस्पतिशास्त्राचे काही शिक्षक, जळगाव-धुळे