मनगटाला तिथे काय म्हणतात

पुणे, ११ फेब्रुवारी

प्रिय मनू,

काल फोनवर मी ओरडले, त्याबद्दल आधी माफ कर. तू फोन ठेवलास ते बरोबरच केलंस. पण "गिप्स लावलाय, काळजी नको", म्हणजे हाताला प्लॅस्टर, हे मला चार दिवसांनी, तेही जावयाच्या, दीमाच्या मेसेजमधून कळतं, तेव्हा आईने नक्की काय करायचं?

बर्फावरून घसरलीस, त्याचं मला काही नाही. रशियात, तुमच्या त्वेरमध्ये, फेब्रुवारीत जन्मापासून राहणारेही घसरतात, आणि त्या निसरड्या बर्फाला तिथे 'गललोत' असा स्वतंत्र शब्द आहे तो उगीच नाही. दीमा मुर्मान्स्कला असताना तू एकटी ट्राव्मपुंक्तला, हाडमोडीच्या दवाखान्यात, गेलीस, हे मी शिंदे काकूंना तीनदा सांगून झालं. पण डॉक्टरने दुखतंय का विचारलं आणि तू 'नर्माल्ना', ठीक आहे, म्हणालीस! त्याने पट्टी बांधून घरी पाठवलं. दोन दिवसांनी सासूबाईंनी सूज पाहिली म्हणून तरी एक्स-रे झाला.

'नर्माल्ना' हा शब्द नव्याने भाषा शिकणाऱ्याचा घात करतो. कसं चाललंय, जेवण आवडलं का, थंडी सोसते का, सगळ्याला तो चालतो, म्हणून जीभ दुसरं काही शिकतच नाही. 'निचिवो'चंही तेच. त्याचा अर्थ 'काही नाही' आणि 'ठीक आहे' असा दोन्ही होतो. डॉक्टरपुढे हे दोन शब्द वर्ज्य. 'सील्ना बलीत' म्हणायचं, खूप दुखतंय. न लाजता.

तू दुखणं सांगत नाहीस ही खोड जुनीच आहे. चार वर्षांची असताना कान दुखत होता आणि तीन दिवस 'पोटात कसंतरी होतंय' म्हणत होतीस. नाना रात्रभर ओवा भाजून पोट शेकत बसले. मराठीत ही गत, तर रशियनमध्ये काय होणार, हा विचार मनातून जात नाही. बरं, पुन्हा तेच नको.

तुझं कुठे अडतं ते मला फोनवर ऐकू येतं. तू मराठीतून सरळ रशियनमध्ये जात नाहीस, इंग्रजीवरून वळसा घालतेस. इंग्रजी वाक्य मनात धरून 'या खालोद्नाया' म्हणालीस, त्याचा अर्थ झाला 'मी थंड बाई आहे'. आपण काय म्हणतो? मला थंडी वाजते. तेही 'मला'च म्हणतात: 'म्न्ये खोलदना'. मला आवडतं, 'म्न्ये न्रावित्सा'. माझ्यापाशी आहे, 'उ मिन्या येस्त'. दुखतं तेही 'माझ्यापाशी' दुखतं: 'उ मिन्या बलीत रुका'. आणि 'रुका' म्हणजे हात, खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा, आपल्यासारखाच. 'नगा' म्हणजे अख्खा पाय. 'पालित्स' हाताचंही बोट, पायाचंही. इंग्रजीत यांचे दोन-दोन तुकडे आहेत, म्हणून तू कुठला शब्द घ्यावा या विचारात गप्प बसलीस. मात्र नुसतं 'रुका' सांगून भागत नाही, जागा नेमकी सांगावी लागते. मनगट म्हणजे 'झप्यास्त्ये', कोपर म्हणजे 'लोकत'. पडले म्हणजे 'या उपाला'.

हे 'उपाला' नीट पाहा. बाई पडली तर 'उपाला', पुरुष पडला तर 'उपाल'. आपल्या पडले-पडलो सारखंच. पण तू सगळी भाषा नवऱ्याच्या तोंडून उचलतेस, म्हणून 'या उस्ताल' म्हणतेस. म्हणजे 'मी दमलो'! तुला 'उस्ताला' म्हणायला हवं. नवऱ्याकडून शिकणाऱ्या बहुतेक मुलींची ही चूक होते, आणि नवरे ती गोड वाटते म्हणून दुरुस्त करत नाहीत. दीमा चांगला मुलगा आहे, माझी तक्रार नाही. पण तो तुझा दुभाष्या झालाय. दुकानात तो बोलतो, बँकेत तो बोलतो, आणि तो मुर्मान्स्कला गेला की तू मुकी.

त्यापेक्षा सासूबाईंच्या स्वयंपाकघरात रोज अर्धा तास जा. त्यांना इंग्रजी येत नाही हे तुझं नशीबच. सूचना तोंडी, वस्तू समोर, चुकलं तर लगेच कळतं. क्रियापदांच्या ज्या जोड्यांना पुस्तकात तू इतकी वैतागतेस, त्या तिथे कांद्यावर सुटतात. 'रेश' म्हणजे कापायला लाग, कापत राहा. 'पर्येश' म्हणजे कापून टाक, काम पुरं कर. 'नर्येश' म्हणजे हवे तेवढे काप करून ठेव. परेश आणि नरेश, विसरणार नाहीस. आपण 'टाक', 'ठेव' लावून जे सांगतो ते रशियन माणूस बऱ्याचदा शब्दाच्या पुढे दोन अक्षरं जोडून सांगतो. आणि एक गंमत. 'मिशाय' म्हणजे ढवळ, पण 'नि मिशाय' म्हणजे ढवळू नकोस किंवा मध्ये मध्ये करू नकोस. त्या दिवशी सूप करताना त्या असं म्हणाल्या आणि तू रुसलीस. कदाचित सूपच ढवळायचं नसेल गं.

त्यांना 'वी', म्हणजे 'तुम्ही', म्हणूनच बोल, नाव आणि वडिलांचं नाव जोडून. त्या आपणहून 'ती', म्हणजे 'तू', म्हण म्हणाल्या तरच अगं-तुगं. हे तुला सांगायला नको. पण एक सांगते, कारण मला ते फार आवडतं. सुनेला तिकडे 'स्नखा' म्हणतात. आपल्या सुनेच्या मुळाशी संस्कृतातली 'स्नुषा' आहे, आणि स्नखा तिचीच बहीण. दीर आणि 'द्येविर' तसेच. तेव्हा तू तिथे अगदीच परकी नाहीस.

उच्चारात 'ई' नव्हे आणि 'उ'ही नव्हे असा जो स्वर आहे, त्यासाठी जीभ 'उ'सारखी मागे ओढ आणि ओठ 'ई'सारखे फाकव. घोगरं वाटलं की बरोबर आलं. चोरातला च आणि चहातला च आपल्याकडे वेगळे आहेतच. तिथेही दोन अक्षरं दोन वेगळी, इंग्रजीतून गेलीस तर ही सोय घालवशील. आघात मात्र प्रत्येक शब्दाबरोबर पाठ करावा लागतो, छापील मजकुरात तो दाखवत नाहीत. 'प्लाचू'मध्ये जोर शेवटी दिला तर 'पैसे देते', सुरुवातीला दिला तर 'रडते'. काउंटरवर तू बरेच दिवस कार्डाने रडत असशील.

व्याख्यान झालं ना? माफ कर. आयुष्यभर रशियनचे वर्ग घेतल्यावर पत्रातही फळा येतो. तू लहान असताना हे सगळं घरात होतं आणि मी तुला शिकवलं नाही, घरी आल्यावर नको वाटायचं. ते आता भरून काढते आहे, तुझ्या प्लॅस्टरवर.

पण एवढं तरी कर. एक कागद लिही आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेव. आतल्याच, कारण उणे १८ मध्ये फोनची बॅटरी मान टाकते आणि भाषांतर करणारं ॲप तिच्याबरोबर जातं. त्यावर तुझी ॲलर्जी, रक्तगट आणि घरचा पत्ता. ॲम्ब्युलन्सला 'स्कोराया' म्हणतात. १०३ लाव, नाहीतर ११२. ते 'पद्येस्त' विचारतील, म्हणजे इमारतीचं कुठलं प्रवेशद्वार, मग 'इताश', मजला, आणि मग दाराच्या 'दमफोन'चा कोड. मजल्यात फसशील. आपला तळमजला तो त्यांचा पहिला. तू मला तिसरा सांगतेस, म्हणजे त्यांना चौथा सांगायचा. आणि दवाखान्याच्या खिडकीवर 'पोलिस' मागितलं तर घाबरू नकोस, तो विम्याचा कागद.

दवाखान्यात रांग दिसत नाही, माणसं इकडेतिकडे बसलेली असतात. आत शिरलीस की मोठ्याने विचारायचं, 'क्तो पस्लेद्नी?', शेवटचं कोण? कोणी हात वर केला की 'या झा वामी', मी तुमच्यामागे. कोणी 'म्न्ये तोल्का स्प्रसीत', मला फक्त विचारायचंय, म्हणत पुढे घुसलं तर दुर्लक्ष कर. तिथेही हे आहे.

दुखण्याचे शब्द सुटे पाठ करू नकोस, दुखेल तेव्हा त्या जागी लावून बघ. टोचतं ते 'कोल्येत', जळजळतं ते 'झ्झोत', सणक मारते ते 'स्त्रिल्यायेत', मंद सतत दुखत राहतं ते 'नोयेत'. आणि रोज एक फोन कर. समोरच्याचे ओठ दिसत नाहीत म्हणून फोन सगळ्यात कठीण, म्हणूनच तो. औषधाच्या दुकानात अमुक गोळी आहे का एवढंच विचार. नंबर सांगतील तो ऐकून लिही. ते आपल्यासारखे एकेक आकडा सांगत नाहीत. आधी शेकडे, मग जोड्या, नऊशे सोळा, एकशे तेवीस, पंचेचाळीस, सदुसष्ट असे. सुरुवातीला एकही लागणार नाही. पुन्हा सांगा म्हणायचं: 'पफ्तरीत्ये, पझालुस्ता'.

तुझ्या गावातल्या वोल्गाकाठचा तो निकितीन नावाच्या व्यापाऱ्याचा पुतळा आठव. पंधराव्या शतकात तो त्वेरहून निघाला, चौलला उतरला, पावसाळ्यात जुन्नरला राहिला. त्याचं मनगट मोडलं असतं तर जुन्नरच्या वैद्याला त्याने काय सांगितलं असतं, असं काल रात्री उगीच मनात आलं. त्याच्यापाशी ना दीमा होता ना ॲप.

गोडा मसाला आणि तुझे लोकरी मोजे ओळखीच्या मुलाबरोबर पाठवतेय, तो १९ला मॉस्कोला येतो. कुरडया राहिल्या, वजन झालं. सासूबाईंना नमस्कार सांग, आणि सूज पाहिली म्हणून 'स्पसीबा' माझ्यातर्फे. दीमाला सांग, आई रागावलेली नाही.

तुझी,
आई

ता.क. प्लॅस्टर घट्ट वाटलं, बोटं निळी पडली किंवा सुन्न झाली तर त्याच दिवशी जा, दीमाची वाट बघू नकोस. 'उ मिन्या निम्येयुत पाल्त्सी' म्हणायचं. यातल्या 'निम्येयुत'चा शब्दशः अर्थ 'मुकी होतात' असा आहे. आत्ता हलवून बघ. अंगठासुद्धा. आणि मला कळव, मेसेज केलास तरी चालेल.