दगड हलवा, पण चिठ्ठीसकट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या भागातल्या एका महाविद्यालयात भूशास्त्राला मुलं मिळेनात म्हणून विभाग बंद झाला. संग्रहालयाच्या खोलीत आता दुसरा वर्ग भरणार आहे. भरो बापडा. पण खोली मोकळी करायला लावलेल्या गड्यांनी कपाटांचे खण घमेल्यात ओतले, दगड सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरून पडवीत टाकले आणि प्रत्येक दगडासोबतच्या माहितीच्या चिठ्ठ्या केरात लोटल्या. प्रयोगशाळा सहायक म्हणून माझी सगळी नोकरी अशाच खणांपुढे गेली, त्यामुळे गप्प बसवेना.

जाणकार माणूस दगड बघून ओळखेल, असं लोकांना वाटतं. ओळखेलही. कणकवलीकडचा क्रोमाइट, म्हणजे क्रोमियमचं खनिज, आणि रेडीचं लोहखनिज हेमॅटाइट, दोन्ही काळपट, दोन्ही हाताला जड. झिलई नसलेल्या पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर घासलं की क्रोमाइटची रेघ तपकिरी उठते, हेमॅटाइटची लाल. नाव लागलं. पण हा क्रोमाइट कणकवलीचा की ओडिशातल्या सुकिंद्याचा, ते रेघेला विचारून कळत नाही. कुठल्या खाणीतला, किती खोलीवरचा, कोणत्या साली आणला, हे फक्त चिठ्ठीला ठाऊक. ती गेली की उरतं ते गडगा रचायचं सामान. बंद पडून पाण्याने भरलेल्या खाणीतून तोच नमुना पुन्हा आणणार कोण?

जुन्या मंडळींनी यावर तोड काढून ठेवली आहे. दगडाच्या एका कडेला पांढऱ्या रंगाचा नखाएवढा ठिपका, त्यावर काळ्या शाईने क्रमांक, वरून व्हार्निशचा हात. तोच क्रमांक नोंदवहीत. चिठ्ठीला कसर लागते, ठिपका टिकतो. तेव्हा पडवीतले दगड घासून धुऊ नका आणि नोंदवही रद्दीत घालू नका. एवढं पाळलं तर निम्मं तरी वाचेल.

गोण्यांत काय काय एकत्र गेलंय, याचीही काळजी वाटते. रत्नागिरीत जांभ्याच्या थराखाली विहीर नेली की काही ठिकाणी निळसर चिकणमाती लागते आणि तिच्यात काळं, लाकडाचे रेषे दिसणारं लिग्नाइट, म्हणजे कच्चा कोळसा. त्यातच पायराइटचे, म्हणजे लोह आणि गंधकाच्या खनिजाचे, पिवळेधमक गोळे असतात. मुलांना ते सोनं वाटतं, आणि आपल्या हवेत सगळ्यांत आधी सडतं तेच. आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर राहिली की त्याची चकाकी जाते, भेगांतून बुरशीसारखी पांढुरकी पूड फुटते, खण उघडताच गंधकाचा उग्र वास येतो. त्यातून तयार होणारं गंधकाम्ल पुठ्ठ्याचा खोका आणि चिठ्ठी पार करपवून टाकतं, शेजारी कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज, असेल तर त्यालाही खातं. कोकणात 60 टक्के म्हणजे काय, हे इथल्या वाचकांना मी सांगायला नको! असा दगड ओल्या फडक्याने पुसायचा नाही. वेगळा काढायचा, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी घालून हवाबंद डब्यात ठेवायचा. सैंधवाचंही तेच, नाहीतर पावसाळ्यात खणात पाणी सुटतं. मनशीळ, म्हणजे आर्सेनिकचं लाल खनिज, मात्र उजेडापासून जपायची, नाहीतर लाल खड्याची पिवळी पूड होते.

आणि ॲस्बेस्टॉस. शिकवण्याच्या जवळजवळ प्रत्येक संग्रहात त्याचा एखादा पांढरा, तंतूंचा नमुना असतो. तो बंद पिशवीतच हवा. घमेल्यात ओतून वर झाडू मारला तर ते तंतू जातात झाडणाऱ्याच्या छातीत. त्या गड्यांना हे कोणी सांगितलं होतं का?

ग्रंथालय हलवताना पुस्तकं वहीशी ताडून, सही घेऊन ताब्यात दिली जातात. दगडांनाही तेवढाच मान द्यावा: विभाग बंद करण्याआधी क्रमांक ताडावेत, जिथे हा विषय अजून चालतो त्या महाविद्यालयाला विचारावं आणि नोंदवहीसकट संग्रह त्यांच्या हवाली करावा. खर्च म्हणाल तर खोकी, कापूस आणि टेम्पोचं भाडं.

संबंधितांनी गोण्या उघडू दिल्या तर जुळवाजुळव करायला मी विनामोबदला येईन. फक्त जूनच्या आत कळवा, त्या पडवीत पावसाची झड थेट आत येते.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
रत्नागिरी