रागांची चौकट छापलीत, वाचा गेलेल्यांचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला संगीत आणि मेंदूवरचा लेख वाचला आणि रात्री झोप लागली नाही. आपलं वर्तमानपत्र आमच्या घरी वडिलांच्या काळापासून येतं, म्हणून हक्काने लिहितो आहे.

डेन्मार्कमधल्या ऑरहूस विद्यापीठाचं, संगीत आणि मेंदूचा अभ्यास करणारं केंद्र लेखकाने चार ओळींत उरकलं. उरलेलं अर्धं पान कशाला दिलं, तर 'कोणत्या आजारावर कोणता राग' या रंगीत चौकटीला. रक्तदाबाला एक राग, निद्रानाशाला दुसरा, मधुमेहाला तिसरा. चौकट अशी बेतली आहे की वाचणाऱ्याला वाटावं, हे सगळं त्या केंद्रानेच शोधून काढलं. तिथे २०१५ पासून जे काम चाललं आहे ते वेगळंच आहे. केंद्राचे प्रमुख पीटर व्हूस्ट हे स्वतः जॅझमधले बास वाजवणारे कलावंत. ठेका ऐकताना मेंदू पुढच्या मात्रेचा अंदाज कसा बांधतो आणि तो अंदाज थोडा हुकला की आपल्याला गंमत का वाटते, हे ते तपासतात. आमच्याकडच्या कुठल्याही पखवाजवाल्याला हे वाचून आनंद झाला असता. त्याच्या वाट्याला मधुमेहाचा राग आला.

मोझार्ट ऐकवल्याने मुलं हुशार होतात, हेही आपण परत एकदा छापलंत. १९९३ सालचा तो प्रयोग कॉलेजातल्या ३६ विद्यार्थ्यांवर झाला होता. आकृत्या ओळखण्याच्या एका प्रकारच्या चाचणीत त्यांना थोडे जास्त गुण पडले आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. तान्ह्या बाळांचा त्यात संबंधच नव्हता. तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने नवजात बाळांना संगीताच्या सीडी वाटायला सरकारी पैसा मागितला. तिथल्या चुकीला आता पंचवीस वर्षं उलटून गेली. आपण ती अजून वाचकांच्या गळ्यात का मारता?

पण माझा खरा राग याच्यावर नाही. जे छापायला हवं होतं ते छापलं नाही, त्याच्यावर आहे.

माझे थोरले बंधू, आमचे आण्णा, गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचा बसली. समोरच्याचं सगळं कळायचं, माणसं ओळखायचे, हिशोब चुकला तर मान हलवायचे. पण तोंडातून एकच शब्द निघायचा, 'चाललं'. तांब्याकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, 'चाललं'. राग आला तरी 'चाललं', नातू जवळ आला तरी 'चाललं'. आपल्याला हवा तो शब्द निघाला नाही हे त्यांना कळायचं. मग कपाळावर डावा हात मारून घ्यायचे.

जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी दवाखान्यात त्यांना ठेवलं होतं. एका पहाटे, काकड्याच्या वेळेला, आण्णांनी खाटेवर पडल्या पडल्या 'रामकृष्ण हरी' धरलं. चालीत, सुरात, एकेक अक्षर स्वच्छ. डावा हात खाटेच्या लोखंडी दांडीवर ठेका धरत होता. वहिनी रडायलाच लागल्या. नर्स धावत आली आणि म्हणाली, "आजोबा, गप बसा, बाकीचे पेशंट झोपलेत." सकाळी राऊंडला आलेल्या डॉक्टरांना मी सांगितलं, "साहेब, आण्णांना बोलता येत नाही, पण म्हणता येतं." ते फाईलमधून मान वर न करता म्हणाले, "होतं असं कधी कधी. गोळ्या चालू ठेवा." पुढे कुणी काही विचारलं नाही, सांगितलं नाही. शेजारपाजारचे म्हणायला लागले, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला.

संपादक महोदय, यात डोक्यावर परिणाम वगैरे काही नव्हतं. १७४५ साली स्वीडनमध्ये असाच एक रुग्ण नोंदवला गेला आहे. वाचा गेलेली, उजवी बाजू लुळी, पण प्रार्थनेची गीतं मात्र तो म्हणायचा. बहुतेकांच्या बोलण्याची केंद्रं मेंदूच्या डाव्या भागात असतात. गाताना उजवा भागही कामाला येतो. डावीकडे इजा झाली तरी चालीत बसलेले शब्द त्यामुळे शाबूत राहतात, असं मानतात. याच धाग्यावर १९७३ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी उपचाराची एक पद्धत मांडली. रोजच्या गरजेचं छोटं वाक्य घ्यायचं, समजा 'पाणी दे'. ते दोन सुरांत, लांबवून म्हणायचं आणि प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने टेबलावर हलका ठोका द्यायचा. आधी दोघांनी मिळून, मग रुग्णाने एकट्याने. वाक्यं हळूहळू वाढवायची, चाल हळूहळू काढून घ्यायची, शेवटी साधं बोलणं उरतं. सगळ्यांना हे लागू पडत नाही आणि नुसती भजनं म्हणून वाचा परत येत नाही, त्याला शिकलेला माणूस लागतो. पण ज्याला कळतं सगळं आणि बोलता तेवढं येत नाही, अशाच रुग्णासाठी ही पद्धत आहे. म्हणजे आमच्या आण्णांसारख्यासाठी.

हे मला कळलं ते आण्णा गेल्यानंतर. माझ्या भाचीने वाचून दाखवलं. वर्षानुवर्षं तो माणूस 'चाललं' म्हणत बसला. ठेका धरणारा त्यांचा डावा हात मला त्या दिवसापासून डोळ्यांसमोरून हलत नाही.

आपल्याकडे असा लेख आला, अख्खं पान हाताशी होतं आणि त्यात वाचाघात, म्हणजे मेंदूच्या इजेने वाचा जाणं, हा शब्दसुद्धा नाही. हेलसिंकीतला २००८ चा अभ्यासही नाही. तिथे पक्षाघाताच्या रुग्णांनी दोन महिने रोज तासभर स्वतःच्या आवडीची गाणी ऐकली. पुस्तकांचं वाचन ऐकणाऱ्यांपेक्षा आणि काहीच न ऐकणाऱ्यांपेक्षा त्यांची शब्दांची स्मरणशक्ती आणि लक्ष जास्त सुधारलं. स्वतःच्या आवडीची गाणी, हे नीट वाचा. तक्त्यातला राग नाही. ज्याला भजन आवडतं त्याने भजन, ज्याला लावणी आवडते त्याने लावणी.

लेखाच्या शेवटी 'हे सगळं आपल्या पूर्वजांना ठाऊक होतंच' असं लिहून टाळ्या घेतल्या आहेत. ठाऊक होतं तर आण्णांना गप का बसवलं? मराठवाड्यात संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड, लातूर इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. विद्यापीठ आणि घाटीचं सरकारी रुग्णालय तर संभाजीनगर या एकाच शहरात आहेत. गावोगावी भजनी मंडळं आहेत, तालात पिढ्या घालवलेली माणसं आहेत. मेंदूचे डॉक्टर, वाचा-उपचार करणारे आणि आमचे हे गायक-वादक एका खोलीत का बसवता येत नाहीत? त्याला डेन्मार्कएवढा पैसा नंतर लागेल. आधी पक्षाघाताच्या वॉर्डात बोलता न येणाऱ्या रुग्णाला 'काही म्हणून बघा' एवढं विचारायला पैसा लागत नाही. आपण कुलगुरूंना आणि अधिष्ठात्यांना हा प्रश्न विचारा, तो पहिल्या पानावर छापा.

आणखी एक. लेखासोबत 'वारकरी पखवाजवादक' म्हणून जो फोटो छापला आहे, त्या माणसाच्या गळ्यात ढोलकी आहे. पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, वाजवण्याआधी कणीक थापावी लागते, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. पखवाजवादक शंकरबापू आपेगावकरांच्या मराठवाड्यात निघणाऱ्या वर्तमानपत्राच्या टेबलावर हे एकाच्याही लक्षात येऊ नये, याचं फार वाईट वाटलं.

चौकटीचा खुलासा आणि फोटोची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे यावी, ही विनंती. आतल्या पानावर कोपऱ्यात नको.

कळावे,
आपला जुना वाचक,
सेलू, जि. परभणी