आजारपणात अंदाज चालू न देणाऱ्या आशाताईंना

प्रिय आशाताई,

सप्रेम नमस्कार.

हे सगळं तुम्हाला समोरासमोर सांगता आलं असतं. घरोघरी जाऊन आरोग्याचं बघणाऱ्या आशा सेविका म्हणून तुमची फेरी आमच्या गल्लीतूनच होते. पण तोंडी सांगायला गेले की तुम्ही "अहो, ते माझं कामच आहे" म्हणून वही उघडता आणि पुढच्या घराचं विचारायला लागता. म्हणून लिहून काढते आहे, आणि उघडपणे लिहिते आहे. कळव्यापासून दिघ्यापर्यंत पारसिकच्या डोंगराला धरून राहणाऱ्या आमच्यासारख्या घरांना यातलं काही उपयोगी पडलं, तर तेही तुमच्याच खात्यावर जमा होईल.

आमच्या घरात स्वयंपाक अंदाजाने होतो आणि छान होतो. सासूबाई आमटीत मीठ चिमटीने घालतात, ते कधी कमी-जास्त झालेलं मला आठवत नाही. तुम्ही त्या चिमटीला कधी नावं ठेवली नाहीत. आजारपणात मात्र अंदाज चालू दिला नाहीत. चमचा सपाट हवा, पाणी बरोब्बर एक लिटर हवं, श्वास पूर्ण एक मिनिट मोजायला हवेत, ड्रम आठवड्याच्या आत घासायला हवा. औषधाची पाकिटं तुम्ही दिलीत ती संपली. ही मोजायची सवय राहिली, आणि मला आभार मानायचे आहेत ते तिचे.

बाळ घरी आलं तेव्हाची गोष्ट आधी. प्रसूती हॉस्पिटलात झाली असली तरी तिसऱ्या दिवशी तुम्ही दारात हजर. मग सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. हे दिवस ठरलेले असतात हे मला तेव्हा माहीतही नव्हतं. तुमच्या पिशवीतून झोळीचा वजनकाटा निघाला, काखेत लावायचा थर्मामीटर निघाला आणि सेकंद दाखवणारं घड्याळ निघालं. बाळाचं वजन जन्मापेक्षा उतरलेलं पाहून मी रडकुंडीला आले होते. दूध पुरत नाही, वरचं सुरू करा, असं येणारी-जाणारी प्रत्येक बाई सांगत होती. तुम्ही शांतपणे विचारलंत, "चोवीस तासांत शी-शू किती वेळा?" पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतंच, दोन आठवड्यांच्या आत ते बहुतेक बाळांचं परत जन्माच्या वजनावर येतं, आणि आठवड्याचं बाळ दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लघवी करत असेल तर त्याला दूध पुरतं आहे, हे तुम्ही सांगितलंत. मी लंगोट मोजायला लागले. येणाऱ्या-जाणाऱ्यांचं बोलणं थांबलं नाही, पण मोजलेलं हाताशी असल्यावर ते मनाला लागेनासं झालं.

त्याच दिवसांत तुम्ही सासूबाईंना ज्या पद्धतीने बरोबर घेतलंत, ते मी विसरणार नाही. काजळ, बाळगुटी, नाळेला हळद-तेल, शेकशेगडी आणि ओव्याची धुरी, हे सगळं त्यांच्या हाताखालून चार बाळंतपणांत झालेलं. तुम्ही "आजी, हे चुकीचं आहे" असं एकदाही म्हणाला नाहीत. नाळेला काही न लावता ती कोरडी ठेवली की आपोआप गळून पडते, धूर बाळाच्या छातीला बाधतो, आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबसुद्धा लागत नाही, मुंबईच्या उकाड्यातही नाही, एवढं समजावलंत. मग त्यांच्या हाती घड्याळ दिलंत आणि म्हणालात, "आजी, बाळाचे श्वास तुम्ही मोजायचे. पोट वर आलं की एक." दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजायचे, आणि पुन्हा तेवढेच आले तर दवाखाना. दोन महिने ते एक वर्ष असेल तर पन्नास, एक ते पाच वर्षांत चाळीस. छाती आत ओढली जात असेल तर आकडा बघत बसायचंच नाही. सासूबाई आजही शेजारच्या पोराला खोकला झाला की फरशीवर मांडी घालून त्याचे श्वास मोजतात. ज्या बाईचं ऐकलं जातं तिच्याच हातात तुम्ही मोजमाप दिलंत, म्हणून ते घरात टिकलं.

आता जुलैतली ती रात्र. बाळाने सहा महिने पार केले होते. त्याला दुपारपासून पाण्यासारखे जुलाब होत होते, संध्याकाळी उलट्याही सुरू झाल्या. बाहेर पाऊस असा की पायऱ्यांवरून ओढा वाहत होता. तुम्ही छत्री दाराशी टेकवलीत आणि आधी त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडलीत. ती लगेच जागेवर गेली. डोळे खोल गेलेत का पाहिलंत, रडताना पाणी येतंय का पाहिलंत, मला शेवटची शू विचारलीत. चिमटीत धरलेली कातडी हळू जागेवर गेली असती, किंवा बाळ मलूल पडून पीतच नसतं, तर तुम्ही आम्हाला त्याच पावसात कळव्याच्या महापालिकेच्या हॉस्पिटलात घेऊन निघाला असता, हे तुम्ही स्पष्ट बोलून दाखवलंत. त्या क्षणी मला त्याचाच आधार वाटला. घरी काय करायचं आणि घर कधी सोडायचं, दोन्ही ठरलेलं होतं.

मग तुम्ही एक लिटरची रिकामी बाटली मागितलीत. उकळून गार केलेलं पाणी तिने मोजून पातेल्यात ओतलंत आणि ओआरएसचं, म्हणजे जुलाबात द्यायच्या क्षार-साखरेच्या पुडीचं, पाकीट अख्खं त्यात रिकामं केलंत. अर्धं आत्ता, अर्धं सकाळी असं करायचं नाही, कारण मग माप राहत नाही. क्षार जास्त झाले तर बाळाला अपाय होतो, पाणी जास्त झालं तर गुण येत नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला दर जुलाबानंतर पन्नास ते शंभर मिली, म्हणजे चहाचे दहा ते वीस चमचे. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सावकाश, चमच्या-चमच्याने. उरलेलं चोवीस तासांनी ओतून टाकायचं. अंगावरचं दूध चालू ठेवायचं, आणि सासूबाईंची तांदळाची पेजही. ते ऐकून त्यांचा चेहरा खुलला होता.

झिंकची गोळी तेव्हाच सुरू झाली. सहा महिन्यांवरच्या बाळाला वीस मिलिग्रॅम, त्याहून लहान असेल तर दहा, आणि पूर्ण चौदा दिवस. जुलाब थांबल्यावर घरात सगळे म्हणाले, आता कशाला गोळी? तुम्ही कॅलेंडरवर चौदा चौकोनांना पेन्सिलने गोल करून गेला होतात. त्या गोलांपुढे कोणाचं काही चाललं नाही.

पाकीट नसेल तर काय, हेही तुम्हीच सांगितलंत: एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा. सपाट म्हणजे सुरीची पाठ फिरवून सपाट केलेला. आणि दुकानातल्या गोड पेयावर काहीही नाव छापलेलं असो, मागची बाजू वाचल्याशिवाय बाळाला पाजायचं नाही, हे तुमचं पालुपद होतं. २०२५च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेचं बघणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली, तेव्हा मी ती बातमी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. "आशाताई हेच म्हणायची," त्या म्हणाल्या.

त्या रात्रीनंतर मी या पाकिटामागची हकीकत शोधून वाचली आणि तुम्हाला सांगायची राहून गेली. १९७१च्या युद्धात बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांमध्ये कॉलऱ्याने माणसं मरत होती. बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडची सलाइन संपत आली. त्यांनी लिटरमागे बावीस ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा असं मिश्रण मोजून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून घेतलं, आणि ते पाण्यात कालवून रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिलं. आई, भाऊ, नवरा पेला धरून पाजत राहिले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. डॉक्टर २०२२मध्ये गेले आणि २०२३मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. हे वाचताना मला सतत तुमची ती बाटली दिसत होती. नर्स नाही, शिक्षण नाही, अशा माणसालाही नेमकं माप दिलं तर तो जीव वाचवू शकतो, हा विश्वास त्यांनी तेव्हा छावणीत दाखवला. तुम्ही तो आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत दाखवलात.

जुलाब आले कुठून, हा प्रश्नही तुम्ही तिथेच सोडला नाहीत. दुसऱ्या दिवशी येऊन मोरीजवळचं पिण्याचं पाणी पाहिलंत. आमच्याकडे पाणी ठरलेल्या वेळेला येतं, त्यामुळे साठवण चुकत नाही. पावसाळ्यात पाणी खळखळून उकळी येऊन मिनिटभर तसंच राहू द्यायचं, क्लोरीनचे थेंब टाकले तर अर्धा तास हात लावायचा नाही, एवढं आम्ही ऐकून होतो. पण उकळलेल्या पाण्यात पेला बुडवताना त्याबरोबर बोटंही बुडतात, हे तुम्ही दाखवलंत. सासूबाईंनी माळ्यावरून त्यांच्या आईचं पितळी ओगराळं काढलं, लांब दांड्याचं. आता आमच्या मजल्यावर बऱ्याच घरांत स्टीलची ओगराळी आहेत. जुन्या घरांतली ही पद्धत किती शहाणपणाची होती, असं मला मनापासून वाटतं.

हात धुण्याचंही तसंच. वीस सेकंद म्हणजे किती, हे मुलांना घड्याळावर कळत नाही. तुम्ही त्यांना साबण लावून बेचा पाढा सावकाश दोनदा म्हणायला लावलात, आणि त्यात अंगठे, नखं नि बोटांच्या बेचक्या आल्याच पाहिजेत असं बजावलंत. संडासातून आल्यावर, जेवणाआधी, आणि बाळाची शी काढल्यावर. शेवटचं बायकांसाठी होतं, आणि नेमकं तेच आम्ही गडबडीत पाण्यावर उरकत होतो. संध्याकाळी गॅलरीतून बे दाही वीस ऐकू आलं की कुठल्या घरी पानं वाढली ते कळतं.

गॅलरीतल्या ड्रमांमुळे तुमचं आणि आमच्या चाळीतल्या काही मंडळींचं वाजलं होतं. पाणी फेकायचं म्हणजे जिवावर येतं, ते तुम्हालाही कळत होतं. तुमच्याही घरी ड्रमच आहेत. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याच्या आत एकदा ड्रम रिकामा हवा. अंडी पाण्याच्या रेषेवर, ड्रमच्या आतल्या अंगाला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात, म्हणून नुसता रिकामा करून भागत नाही, ब्रशने घासायलाच हवा. हे कारण कळल्यावर भांडणं संपली. शेवटचं पाणी फेकून न देता त्यानेच जिना धुवायचा, हा तोडगाही तुमचाच.

माझ्या दिरांना डेंग्यू झाला तेव्हा तुम्ही ताप उतरल्यावर जास्त फेऱ्या मारल्यात. सगळे सुस्कारा सोडत होते आणि तुम्ही विचारत होतात: पोटात दुखतं का, उलट्या थांबल्या का, हिरड्यांतून रक्त येतं का, शू किती वेळा झाली? ताप उतरतो त्याच सुमारास काहींची तब्येत बिघडते, हे आम्हाला कोणाला ठाऊक नव्हतं. अंगदुखीसाठी घरात पडलेली दुसरी गोळी देऊ दिली नाहीत, पॅरासिटामॉलच, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. ते बरे झाले. तुमच्यामुळेच झाले असं म्हटलेलं तुम्हाला आवडणार नाही, पण त्या दोन दिवसांत तुम्ही नसता तर आम्ही लक्ष काढून घेतलं असतं.

ताई, सरकारी कागदावर तुम्ही स्वयंसेविका आहात. पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. ही योजना २००५मध्ये गावांसाठी सुरू झाली आणि २०१३पासून शहरांतल्या वस्त्यांत आली. २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला तेव्हा मला फार आनंद झाला. तरीही पावसात निसरड्या पायऱ्या चढणाऱ्या बाईला महिन्याच्या महिन्याला ठरलेली, पुरेशी रक्कम मिळायला हवी, हे मला या पत्रात लिहायचंच आहे. मोजमाप शिकवणाऱ्यांच्या कामाचं मापही नीट व्हावं. तुमचा मोर्चा निघेल तेव्हा आमच्या चाळीतल्या बायका येणार आहेत, असं आमचं ठरलं आहे.

वरच्या गल्लीत पुढच्या महिन्यात एक बाळंतपण आहे. मुलगी पहिलटकरीण आहे आणि तिची आजेसासू काजळाची डबी तयार ठेवून बसली आहे. सासूबाई तिच्याशी बोलून आल्या आहेत, घड्याळ घेऊन. तिसऱ्या दिवशी तुम्ही याल तेव्हा मला हाक मारा, वजनकाट्याची पिशवी मी वर आणून देईन.

आपली,
कळवा पूर्वेतली एक आई