रेडिओ लहरींची बातमी अर्धीच छापलीत

संपादक साहेब, नमस्कार.

रेडिओ लहरींनी कॅन्सरच्या पेशी मरतात ही बातमी तुम्ही पुरवणीत एवढी मोठी छापलीत, तेव्हापासून आमच्या लालबागच्या बिल्डिंगमध्ये तिचं कात्रण व्हॉट्सॲपवर फिरतंय. आमच्या मजल्यावरच्या काकांना लिव्हरचा कॅन्सर आहे, त्यांच्या मुलाने परळला ओपीडीत डॉक्टरांपुढे मोबाईल धरला आणि विचारलं की चालू गोळ्या बंद करून हे करता येईल का. वर एक जण लहरींचा बेल्ट विकायला घरी येऊन गेला. फार राग आला मला.

प्रयोग माणसांवर झाला, उंदरांवर झाला की लॅबच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर, हे बातमीत कुठेच नाही. बशीतल्या पेशी फिनाईल ओतलं तरी मरतात हो!

आणि लहरींचा खरा उपचार आहेच की, तो का नाही सांगितलात? रेडिओफ्रिक्वेन्सी अब्लेशन, बरीच वर्षं होतंय. सोनोग्राफी नाहीतर सीटीवर बघत बघत बारीक सुई थेट गाठीत घालतात, मांड्यांवर पॅड चिकटवतात म्हणजे करंटचं सर्किट पूर्ण होतं, आणि सुईच्या टोकाभोवतीचा भाग ६० ते १०० डिग्री तापून तिथल्या पेशी अक्षरशः शिजतात. म्हणजे मारते ती उष्णता. लिव्हरमधली गाठ ३ सेंटीमीटरच्या आत असेल तर रिझल्ट चांगला येतो, शेजारी मोठी रक्तवाहिनी असली की वाहतं रक्त उष्णता घेऊन जातं आणि कडेच्या पेशी वाचू शकतात. पोटावर बेल्ट बांधून हे कसं होणार?

अमेरिकेत सप्टेंबर २०२३ मध्ये एफडीएने (औषधं-उपकरणांना परवानगी देणारी तिथली सरकारी संस्था) लिव्हर कॅन्सरसाठी एका मशीनला परवानगी दिली, २७.१२ मेगाहर्ट्झच्या अगदी कमी पॉवरच्या लहरी, चमच्यासारखा अँटेना जिभेवर ठेवायचा, रोज तीनदा एकेक तास. पण ती ज्यांना आधीचे उपचार लागू पडले नाहीत अशा पुढच्या स्टेजच्या पेशंटसाठी, आणि परवानगीही खास सवलतीची, ज्यात गुण येतोच हे पूर्ण सिद्ध करावं लागत नाही. हे वाक्य गाळलं की माणसं आशेवर पैसे घालवतात.

गंमत म्हणजे कात्रण फिरवणारी आमच्या बिल्डिंगमधली हीच मंडळी गच्चीवरच्या मोबाईल टॉवरच्या लहरींनी कॅन्सर होतो म्हणून सोसायटीत भांडतायत. त्याचंही अर्धंच छापून येतं. डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने २०११ मध्ये या लहरी 'कदाचित' कॅन्सरकारक असू शकतील अशा २बी गटात टाकल्या एवढंच येतं, आपल्याकडे टॉवरच्या लहरींची मर्यादा सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केलीय ते येत नाही.

तर विनंती अशी, अशी बातमी देताना फ्रिक्वेन्सी किती, पॉवर किती, कोणावर प्रयोग केला आणि कुठल्या स्टेजच्या पेशंटसाठी, हे छापाच. आणि या बातमीचा खुलासा पुरवणीत त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात द्या, शक्यतो येत्या रविवारीच, कारण काकांच्या मुलाने बेल्टवाल्याला अजून नाही म्हटलेलं नाही.

एक वाचक, लालबाग, मुंबई