छोट्या दांडीचे पंखे, एक टेम्पो आणि रविवारचे दोन तास पाहिजेत

नमस्कार मंडळी,

आम्ही म्हाडाच्या दुरुस्ती मंडळात, म्हणजे मुंबईतल्या जुन्या इमारतींची दुरुस्ती बघणाऱ्या ऑफिसात, काम करणारे काही जण. जेई (ज्युनिअर इंजिनिअर) आहेत, क्लार्क आहेत, दोन शिपाई आहेत आणि एक रिटायर झालेले साहेब आहेत जे अजून सवयीने सकाळी साडेनऊला फोन करून विचारतात आज कुठे जायचंय. हे ऑफिसचं आवाहन नाही बरं का, लेटरहेड शोधत बसू नका, जुन्या इमारतींतून हलवलेल्या लोकांना सुट्टीच्या दिवशी आम्ही आमची आमची जी मदत करतो त्यासाठी लिहितोय.

तर झालंय काय, मुंबई शहरात सेसच्या, म्हणजे दुरुस्तीचा कर भरणाऱ्या, जुन्या इमारती, १९६९ ला दुरुस्ती मंडळाचा कायदा आला तेव्हा १९,६४२ होत्या, पडत झडत आणि नव्याने बांधत आज तेरा हजारांच्या आसपास आल्यात. दर वर्षी पावसाळ्याआधी सर्व्हे होतो, अतिधोकादायकची यादी लागते आणि मग आमच्यापैकीच कुणीतरी गिरगावात नाहीतर कामाठीपुऱ्यात जाऊन सांगतो की काका, खोली खाली करा. शिव्या बसतात. बसणारच, साठ वर्षं जिथे राहिले तिथून उठा म्हटल्यावर कोण चहा पाजणार! पण १६ जुलै ही तारीख आमच्यात कुणी विसरत नाही, २०१९ ला डोंगरीची केसरबाई इमारत आणि बरोब्बर एक वर्षाने, २०२० ला, त्याच तारखेला फोर्टची भानुशाली कोसळली. त्यामुळे शिव्या खाऊ पण लोक बाहेर काढू असं आमचं चालतं.

आता खोली खाली झाली की ऑफिसच्या हिशोबाने काम संपतं. तात्पुरत्या घराचं ताबा पत्र दिलं, चावी दिली, संपलं. पण आम्ही मागच्या पावसाळ्यात एका आजींना सोडायला ट्रान्झिट कॅम्पला (तिथेच ती तात्पुरती घरं असतात) गेलो तेव्हा डोळे उघडले. आजींनी देव्हारा मांडीवर घेऊन टेम्पोत पुढे बसून आणला, तुळस पण आणली, पंखा पण उतरवून आणला होता, जुना जड ओरिएंट, आणि तो लागेचना. कारण चाळीत छत उंच, पंख्याची दांडी हातभर लांब, आणि इथल्या १८० चौरस फुटाच्या गाळ्यात तोच पंखा लावला तर पाती डोक्याला लागतील. रविवारी संध्याकाळी दुकानं बंद. आजी म्हणाल्या राहू दे रे, वारा येतो खिडकीतून. वारा कसला, समोर भिंत होती. मग आमच्यातल्या एकाने स्वतःच्या घरचा टेबल फॅन आणून दिला आणि त्या दिवसापासून हे सगळं सुरू झालं.

तेव्हा पहिली गरज पंखे आणि छोट्या दांड्या. हार्डवेअरच्या दुकानात फुटभराची दांडी मिळते, जुना चालू पंखा असेल तर तोही चालेल, फक्त आधी लावून बघा, बंद पडलेला देऊन आम्हाला भंगारवाला करू नका. एलईडी बल्ब, एक्स्टेंशन बोर्ड, झाकणाचं पिंप (पाणी ठरलेल्या वेळेलाच येतं), ताडपत्री हेही लागतं. कपडे नकोत. खरंच नकोत, मागच्या वेळी चार गोणी आल्या आणि लोकांना स्वतःचेच कपडे ठेवायला जागा नव्हती.

दुसरं टेम्पो. शिसवी कपाट चाळीच्या जिन्यावरून उतरवायला चार माणसं लागतात आणि टेम्पोवाला पावसात जे मागेल ते द्यावं लागतं. कुणाचा स्वतःचा टेम्पो असेल आणि महिन्यातून एक फेरी देता आली तर फार उपकार होतील.

तिसरं, आणि आम्हाला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, पोरांची शाळा. घर गेलं गोरेगावला, शाळा राहिली गिरगावात, जूनमध्ये वर्ष सुरू झालेलं, मधेच नाव कुठे काढणार. मग आठवीतली पोरगी गर्दीच्या लोकलने चर्नी रोडला जाते. विद्यार्थी सवलतीचा पास मिळतो पण त्याला शाळेचा फॉर्म लागतो, पत्त्याचा पुरावा लागतो, आणि पत्ता तर नुकताच बदललाय. रेशन कार्ड, गॅस, आधार, सगळीकडे तेच. ज्यांना फॉर्म भरायला, ऑनलाइन अपलोड करायला जमतं त्यांनी रविवारचे दोन तास द्या. कॉलेजची मुलं असतील तर उत्तमच, आमच्यापेक्षा फास्ट करतात.

आता पैशांचं. आमच्या हातात एक रुपया पण देऊ नका. आम्ही सरकारी नोकर, उद्या कुणी म्हणेल काम करून द्यायचे घेतले, आणि आमचं तोंड बंद होईल. द्यायचेच असतील तर टेम्पोवाल्याला नाहीतर दुकानदाराला परस्पर द्या, बिल आम्हाला दाखवा, वहीत लिहून ठेवू, वही कुणीही बघावी. आणि ज्यांची काही फाइल आमच्या ऑफिसात पेंडिंग आहे, मग ती मास्टर लिस्टची (घर गेलेल्या जुन्या भाडेकरूंना कायमची घरं द्यायची यादी) असो नाहीतर बिल्डरची, त्यांनी कृपा करून काहीच देऊ नका. तुमची भावना चांगली असेल हो, पण नको.

ज्यांच्याकडे आमच्यापैकी कुणाचा नंबर आहे त्यांनी आधी फोन करा, वस्तू थेट कॅम्पवर नेऊन टाकू नका, कारण मग ज्याचा दरवाजा उघडा असतो त्यालाच सगळं मिळतं आणि चौथ्या मजल्यावरची म्हातारी माणसं राहून जातात.

येत्या रविवारी तीन गाळ्यांमध्ये पंखे लावायचेत. शिडी आहे, ड्रिल मशीन नाही. कुणाकडे असेल तर घेऊन या, वडापाव आमच्याकडून.